न वाचता केलेली यादी

धम्मपाल खिल्लारे यांच्यासमोर कुणीही येऊन उभे राहिले, की ते तीन प्रश्न विचारीत. कोण, कुठून आणि कोणाले. तालुक्याच्या दूरध्वनी केंद्रात सारी नोकरी काढलेल्या माणसाच्या जिभेवर हे प्रश्न इतके पक्के बसले होते, की निवृत्तीनंतर आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल झाल्यावरही पुस्तक बदलायला आलेल्याला ते हेच विचारीत. कोण, हे त्यांना ठाऊक असे. कुठून म्हणजे कोणत्या घरून. आणि कोणाले म्हणजे पुस्तक स्वतःसाठी, की घरातल्या आणखी कुणासाठी. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून कपाटाला किल्ली लागत नसे. सासूच्या नावावर नेलेले पुस्तक सून वाचते, हे त्यांना कळत असे, परंतु त्यांनी कधी हटकले नाही. "तिनं सांगितलं, म्या लिहिलं. पुढचं आपलं काम नाई," एवढेच म्हणत.

आमचे गाव रिठदपासून जवळ, मुख्य रस्ता सोडून थोडे आत आहे. मी तेथल्या शाळेत संस्कृत शिकवीत असे. निवृत्त झाल्यावर माझा दिवस स्नानसंध्या, देवळातला नित्यपाठ आणि दुपारचे वाचनालय यांत जाऊ लागला. खिल्लारे बौद्ध, विहारामागच्या वस्तीत राहणारे; माझे घर देवळाला लागून. आमच्या आजोबांच्या काळात या दोन घरांतली माणसे एका बाकावर बसली नसती. आम्ही वाचनालयाच्या एका बाकावर कित्येक वर्षे बसलो. या गोष्टीचा उच्चार मात्र दोघांपैकी कुणी कधी केला नव्हता, आणि ते आमच्या समंजसपणाचे लक्षण आहे असे मी मानीत होतो.

त्यांचा सदरा पांढरा, कडक इस्त्रीचा. बोलण्यापूर्वी ते मेजावर बोटाने एकदाच टकटक करीत. अर्धे राहिलेले वाक्य त्यांना सोसत नसे. कुणी मध्येच बोलले, बाहेरून ट्रॅक्टर गेला, तर ते आवाज थांबेपर्यंत स्वस्थ बसत आणि मग समोरच्याला म्हणत, "हं, पहिल्यापासून सांगा." माणूस कंटाळे, पण पहिल्यापासून सांगे.

जोडायचे आणि ऐकायचे नाही, हा त्यांचा धर्म होता. धर्म हा शब्द मी विचारपूर्वक योजतो आहे. जुन्या केंद्रात दोऱ्यांचा फलक असे. मागणी आली की दोरीचे टोक खाचेत बसवायचे, पलीकडून उत्तर आले की कानावरचे यंत्र बाजूला सारायचे. बरोबरीचे काही जण ते जरा सावकाश सारीत आणि तालुक्यातल्या सोयरिकी, भांडणे त्यांना सर्वांआधी कळत. एकदा खिल्लाऱ्यांच्या धाकट्या बहिणीच्या सोयरिकीचा फोन त्यांच्याच फलकावर आला. मुलाकडच्यांनी अकोल्याहून मध्यस्थाच्या घरचा नंबर जोडून मागितला होता. नावे ऐकताच हा फोन आपल्या घराविषयी आहे, हे त्यांनी ओळखले. त्यांनी दोरी बसवली, कानावरचे यंत्र काढून मेजावर ठेवले, आणि बोलणे संपल्याचा दिवा लागेपर्यंत ते मांडीवर हात ठेवून बसून राहिले. सोयरीक मोडल्याचे त्यांना दोन दिवसांनी कळले, तेव्हा घरी पाहुण्यांसाठी सारवण चालले होते. आई त्यांच्याशी वर्षभर धड बोलली नाही. मी विचारले, "खंत वाटते का?" ते म्हणाले, "ऐकलं असतं तं दोन दिवस आंधी कळलं असतं. मोडलं तं असतंच."

ही गोष्ट मी अनेकांना आदराने सांगितली आहे. या सद्गुणाला आणखी एक बाजू असू शकते, हे तेव्हा माझ्या मनात आले नाही.

वाचनालयाला दोन संगणक मिळाले तेव्हा खिल्लाऱ्यांनी मंगळवारची दुपार मुलींसाठी राखून ठेवली. त्या वेळात पुरुषांपैकी आम्ही दोघेच आत असू, आणि तेही दाराशी. आठवी ते बारावीच्या दहा-बारा मुली येत, शिष्यवृत्तीचे अर्ज भरीत, धडे पाहत. त्यांच्यापैकी एकीने एका मंगळवारी अर्जाच्या पानावरच्या कसल्याशा जाहिरातीवर माउसचे बटण दाबले आणि पडद्यावर जे उघडले ते मी शब्दांत सांगणार नाही. आवाजही होता. मुली जागच्या जागी थिजल्या. खिल्लारे उठले, पडद्याकडे पाठ करून त्याच्यासमोर हात पसरून उभे राहिले आणि मागे न पाहता मला म्हणाले, "गुरुजी, मेन खाली पाडा." मी विजेची मुख्य कळ खाली ओढली. पंखे थांबले. त्या अंधूक उजेडात ती मुलगी रडत होती आणि खिल्लारे तसेच हात पसरून उभे होते.

पुढल्या मंगळवारी तिघी आल्या. त्याच्या पुढल्या मंगळवारी कुणीच नाही. एका मुलीच्या वडिलांनी रस्त्यात खिल्लाऱ्यांना सांगितले, की वाचनालयात काय काय दिसते हे आता साऱ्या गावाला माहीत झाले आहे. खिल्लाऱ्यांनी मंगळवारची वेळ रद्द केली नाही. दोन ते चार ते रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून राहत आणि त्या वेळात दुसऱ्या कुणाला आत येऊ देत नसत.

याच सुमारास त्यांनी वर्तमानपत्रात कुठेतरी वाचले, की प्रौढांसाठीच्या अशा संकेतस्थळांना जगात एक वेगळे डोमेन दिलेले आहे. म्हणजे त्यांच्या पत्त्याची अखेरची अक्षरेच वेगळी असतात. परंतु तिथे राहायला जाण्याची सक्ती कुणावर नाही, म्हणून बहुतेक जण आपल्या जुन्या पत्त्यावरच दुकान मांडून आहेत. ही बातमी त्यांनी मला तीनदा वाचून दाखवली. मला डोमेन म्हणजे काय हे कळत नव्हते. त्यांनी ते टेलिफोनवरून समजावले. प्रत्येक गावाला आपला कोड असे. रिसोडचा कोड फिरवला की रिसोडच लागे, चुकून वाशीम लागत नसे. आता या सगळ्या मंडळींना एकच कोड द्यावा आणि तो कायद्याने बांधून टाकावा. ज्या मोठ्या माणसाला तिथे जायचे आहे त्याने तो कोड फिरवून खुशाल जावे. त्याला अडवणारे आपण कोण. पण ज्या घरात, ज्या शाळेत, ज्या वाचनालयात तो कोड नको असेल तिथे एक कुलूप पुरेल. "आज हजार दारं हायत गुरुजी," ते म्हणाले, "अन् हरएक दारावर पाटी दुसरीच. पोरगी अर्ज भराले जाते अन् भलत्याच घरात शिरते. पत्ता पाह्यल्याबरोबर कळालं पाह्यजे."

मला हे अत्यंत योग्य वाटले. शुद्ध आणि अशुद्ध यांच्या मर्यादा आखण्यात माझे सारे शिक्षण गेले होते. त्यांनी नव्या डोमेनसाठी माझ्याकडे देवनागरी नाव मागितले, तेव्हा मी उत्साहाने पाच-सहा शब्द काढले आणि त्यातला 'बाह्य' हा मला सर्वांत सोज्ज्वळ वाटला. खिल्लाऱ्यांनी तो कागदावर लिहिला, थोडा वेळ पाहिला आणि मेजावर बोटाने टकटक केली.

"बाहेरचं," ते म्हणाले. "माह्या आज्याच्या वस्तीले बी तेच म्हनत होते."

त्यांनी तो शब्द खोडून शांतपणे 'प्रौढ' लिहिला आणि आम्ही मसुद्याच्या पुढच्या ओळीकडे वळलो. त्या क्षणी मी थांबायला हवे होते. त्यांनीही थांबायला हवे होते, असे त्यांनीच मला नंतर सांगितले.

मसुदा ग्रामसभेच्या ठरावाचा होता; तो आमदारांपर्यंत पोचावा म्हणून खिल्लारे पुढे दोन वर्षे तालुक्याला खेटे घालीत राहिले. शासनाने प्रौढ संकेतस्थळांना स्वतंत्र डोमेन सक्तीचे करावे, ही त्याची पहिली मागणी. दुसरे कलम गावापुरते होते. कायदा होईपर्यंत अशा स्थळांची यादी गावाने स्वतः करावी. ती ग्रामपंचायतीच्या वायफायवर उघडू नयेत. आणि यादी ग्रामपंचायतीच्या काचेच्या फलकात लावावी. यादी लपवली की अफवा उठते, असे खिल्लाऱ्यांचे म्हणणे. ती ठरवायला तिघांची समिती झाली. ते स्वतः, मी आणि सरपंच.

आता यात एक अडचण होती. यादी करायची तर ती स्थळे पाहायला हवीत, आणि आमच्यापैकी एकही ती पाहणार नव्हता. खिल्लारे आयुष्यभराच्या नेमाने पाहणार नव्हते, मी माझ्या व्रताने, आणि सरपंचांनी आम्हां दोघांकडे पाहून मान खाली घातली. तेव्हा खिल्लाऱ्यांनी वाचनालयाच्या दाराशी एक पेटी ठेवली. ज्याला जे आढळेल त्याने त्याचा पत्ता आणि एका ओळीत कारण लिहून चिठ्ठी टाकावी, नाव लिहू नये. एका पत्त्याच्या तीन चिठ्ठ्या आल्या की तो यादीत. आत काय आहे ते आपण पाहायचे नाही, फक्त चिठ्ठ्या मोजायच्या. आम्हाला ही पद्धत निर्मळ वाटली. हात न विटाळता काम होत होते.

चाळीस पत्ते यादीत बसले. समितीच्या शेवटच्या बैठकीत आणखी एका पत्त्याच्या बरोबर तीन चिठ्ठ्या निघाल्या. तिन्हींवर साधारण एकच कारण होते. यात बायकांच्या उघड्या अंगाची चित्रे आहेत. पत्ता आमच्या गावच्या तांड्यावरच्या शेवंता राठोड यांच्या इंटरनेटवरच्या पानाचा होता. शेवंताबाई गावच्या आशा सेविका. घरोघर जाऊन गरोदर बायकांची, बाळांची नोंद करणाऱ्या. खिल्लाऱ्यांनी पेन खाली ठेवले. माणूस ओळखीचा होता. मी म्हणालो, "नियम सर्वांना सारखा." ते वाक्य माझे आहे. खिल्लाऱ्यांनी पत्ता लिहिला. यादीखाली तीन सह्या झाल्या आणि ठरावाच्या आधीच ती फलकात लागली.

पहिले चार दिवस फलकासमोर गर्दी होती. लोक वाचतात म्हणून खिल्लारे समाधानी दिसले. मग त्यांच्या लक्षात आले, की तरुण मंडळी मोबाइल काचेला लावून यादीचे फोटो काढीत आहेत. सरपंच हसत म्हणाले, "साहेब, तुमी तं पोराईले गाइडच छापून देल्लं." खिल्लारे हसले नाहीत. त्यांनी अक्षरे बारीक करून यादी पुन्हा लिहिली, जणू त्याने काही होणार होते.

चाळीस पत्त्यांच्या मालकांना आमच्या फलकाचा पत्ताही नव्हता. ज्या एका मालकाला होता, ती बाई रोज त्या फलकासमोरून चालत जात होती. शेवंताबाई ज्या घरात जात त्या घराची फाटके आता आतून लागू लागली. काही सासवा ओट्यावरूनच म्हणत, सगळे ठीक आहे, नोंद करून टाक. जीपच्या थांब्यावर कुणीतरी त्यांना 'साइटवाली' म्हटले आणि ते नाव चिकटले. मग दहा-पंधरा सह्यांचा अर्ज ग्रामपंचायतीत आला, की या बाईला काढून दुसरी आशा नेमावी. तो अर्ज आणि खिल्लाऱ्यांचा ठराव एकाच ग्रामसभेत येणार होते. बाईचे काम जायचे की राहायचे, हे आठ दिवसांत ठरणार होते.

शेवंताबाई एका मंगळवारी दुपारी वाचनालयात आल्या. मुलींची वेळ, रिकाम्या खुर्च्या, दाराशी आम्ही दोघे. खिल्लाऱ्यांनी सवयीने विचारले, कोण, कुठून. तिसरा प्रश्न त्यांच्या तोंडून निघाला नाही.

शेवंताबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. आवाज चढलेला नव्हता. "काका, तुमी माहं पान वाचलं काय?"

"नाई."

"गुरुजी, तुमी?"

मी मान हलवली.

"मंग कोनं वाचलं?"

खिल्लाऱ्यांनी चिठ्ठ्यांचे सांगितले. तीन आल्या, नियम असा होता. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी सांगितले ते मी माझ्या शब्दांत लिहितो, कारण त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिण्याचे धैर्य मला आजही नाही. तांड्यावरच्या बायका दरवर्षी ऊसतोडीला जातात. कुणी पाचव्या महिन्यात, कुणी सातव्या. फडावर कपडा बदलायला आडोसा नसतो. अंगावरून जाते, खाज येते, ताप येतो, आणि हे विचारायला नवऱ्याशिवाय कुणी नसते, आणि नवऱ्याला विचारता येत नाही. शेवंताबाईंनी त्यांच्यासाठी ते पान केले होते. हाताने काढलेली चित्रे, खाली चार ओळी. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी स्वतःच्या आवाजात सांगितलेले. दिवस राहू नयेत म्हणून काय करायचे, तेही.

"चित्रं उघड्या अंगाचीच हायत," त्या म्हणाल्या. "झाकल्या अंगाचं दुखनं कसं दाखवू, तुमीच सांगा. ज्यानं चिठ्ठी टाकली त्यानं खोटं नाई लिहिलं. पन तुमी तं मोठे मानसं. तुमी उघडून तं पाहाचं होतं."

खिल्लाऱ्यांनी मेजावर बोट उचलले, पण टकटक झाली नाही. शेवंताबाई गेल्या. खिल्लाऱ्यांनी संगणक चालू केला, पत्ता एकेक अक्षर पाहून दाबला आणि पान वाचायला सुरुवात केली. मी समोर बसलो होतो. मला त्यांचा चेहरा दिसत होता, पडदा नव्हे. कानाच्या पाळ्या आधी लाल झाल्या, मग मान. एके ठिकाणी ते थांबले, डोळे मिटले, उघडले आणि पुन्हा मागे जाऊन वाचू लागले. वाचता वाचता त्यांनी मेजावरची वही ओढून घेतली आणि पान वहीत उतरवू लागले. साडेचारला वाचनालय बंद करायची वेळ झाली तरी ते लिहीतच होते.

रात्री ते घरी जेवले नाहीत, असे त्यांच्या पत्नीने दुसऱ्या दिवशी मला सांगितले.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी सरपंच वाचनालयात आले. ठराव घ्यायला आमदारांचा माणूस येणार होता, वार्ताहरही येणार होता. गावाचे नाव होणार होते. सरपंचांना शेवंताबाईंविषयी राग नव्हता. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, की आता यादीत खोट काढली तर ठरावच पडेल. ठराव होऊ द्या, तिचे नाव आपण महिन्याभराने गुपचूप खोडू. खिल्लाऱ्यांनी विचारले, आणि तिला काढायचा अर्ज? सरपंच म्हणाले, तो लोकांचा आहे, त्यात आपण काय करणार.

ते गेल्यावर आम्ही दोघे रस्त्याने निघालो. देवळाजवळ मी वळतो, पण त्या दिवशी खिल्लारे तिथेच उभे राहिले.

"आमचं आडनाव आयकलं का लोकाईले वस्ती कळते," ते म्हणाले. "मंग पुढं काई विचारत नाई. मी केंद्रात लागलो तवा हेडबाबूनं असंच आडनाव आयकून माहं पान्याचं मडकं अलग ठेवलं होतं. मी काय काम करतो ते त्यानं पाह्यलंच नोतं. अन् म्या तिच्यासंगं काय केलं, गुरुजी?"

मी म्हणालो, की आपला हेतू शुद्ध होता.

"त्याचा बी असन," ते म्हणाले आणि वस्तीकडे चालू लागले.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. एरवी बायका थोड्या असतात. त्या दिवशी अर्जामुळे बऱ्याच आल्या होत्या. शेवंताबाई शेवटी, भिंतीला टेकून उभ्या होत्या. सरपंचांनी ठराव वाचायला खिल्लाऱ्यांना बोलावले. ते ध्वनिक्षेपकासमोर आले. हातात ठरावाचा कागद नव्हता, वही होती. त्यांनी सांगितले, की ठरावाआधी यादीतले एक पान सभेला वाचून दाखवायचे आहे. आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली.

ज्या माणसाच्या तोंडून मी कधी शिवी ऐकली नव्हती, जो 'बाळंतीण' हा शब्दही चारचौघांत टाळीत असे, तो पंच्याहत्तरीचा म्हातारा भर दुपारी साऱ्या गावासमोर स्त्रीदेहाच्या अवयवांची नावे, त्यांची दुखणी आणि त्यांवरचे उपाय सपाट, स्पष्ट आवाजात वाचीत होता. मग पुरुषांतून कुणीतरी म्हणाले, "म्हाताऱ्याले उशिरा रंग चढला," आणि हशा पिकला.

खिल्लारे थांबले. हशा पुरता संपेपर्यंत थांबले. मग त्यांनी ते वाक्य पहिल्यापासून वाचले. पुन्हा हसू आले. ते पुन्हा थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले. तिसऱ्या वेळी कुणी हसले नाही. आमदारांचा माणूस मोबाइलमध्ये पाहू लागला. सरपंच उठून त्यांच्या कानाशी गेले, परंतु ध्वनिक्षेपक चालू होता आणि सर्वांना ऐकू आले.

"साहेब, आया-बहिनी बसल्या हायत."

"त्याईच्यासाठीच लिहेल हाय," खिल्लारे म्हणाले आणि पान उलटले.

मी पहिल्या रांगेत होतो. यादीवर माझी सही होती, आणि उठून त्यांच्या शेजारी उभे राहायला मला चार पावले पुरली असती. मी माझ्या उपरण्याचे टोक हातात धरून बसून राहिलो.

सरपंचांनी ध्वनिक्षेपकाकडे हात नेला. तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक म्हातारी, जागची न उठता, जमिनीकडे पाहत बोलली, "वाचू द्या न बाप्पा. माह्या सुनीले हेच झालतं. कोनी सांगतलं असतं तं वाचली असती."

सरपंचांचा हात खाली आला.

खिल्लाऱ्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. मग वही मिटून ते म्हणाले, की हे पान न वाचता आपण यादीत घातले, चूक आपली आहे. माझे नाव त्यांनी घेतले नाही. ज्या यादीतले एक नाव असे निघाले तिच्या बाकीच्या नावांची हमी आपण देऊ शकत नाही, म्हणून यादी आणि तिच्यावर उभा असलेला ठराव आपण मागे घेतो. सरपंचांनी विचारले, आशाताईंना बदलण्याच्या अर्जाला कोण अनुमोदन देतो. पुरुषांच्या बाजूला दोन हात अर्धे वर झाले, बायकांकडे पाहून खाली आले. शेवंताबाईंचे काम राहिले. ठराव गेला. ज्याच्यासाठी खिल्लारे दोन वर्षे पायी, जीपने आणि एसटीने फिरले होते, तो कागद सरपंचांच्या फायलीतच राहिला.

मला वाटले होते, की त्यांनी आता वेगळ्या डोमेनचा नाद सोडला. तसे नव्हते. दुसऱ्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या ते म्हणाले, "अलग वस्ती पाह्यजेच, हे मी आज बी म्हनतो. ज्याचा तसला धंदा हाय त्यानं सोताच्या पत्त्यात सोता लिहावं, अन् नाई लिहिलं तं सरकारनं त्याले धरावं. पन दुसऱ्याच्या दारावर आपन पाटी ठोकाची असन, तं आंधी आत जाऊन पाह्यलं पाह्यजे." मी म्हणालो, तसल्या ठिकाणी जाऊन पाहणार कोण. त्यांनी वही उघडली आणि ते यादी तिच्यात उतरवू लागले.

त्यानंतर काही दिवस माझ्या घरी अनुष्ठान होते. मी वाचनालयात गेलो नाही. कानावर मात्र आले, की खिल्लाऱ्यांनी दोन्ही खिडक्यांचे पडदे काढून टाकले आहेत आणि दुपारी ते सताड उघड्या दारासमोर संगणक लावून बसतात. कुणी म्हणे, म्हातारा बिघडला. त्यांच्या सुनेने माझ्या घरी निरोप पाठवला, की गुरुजींनी त्यांना समजवावे.

अनुष्ठान संपल्यावर मी देवळातून परतत होतो. हातात तीर्थाचा तांब्या होता. ऊन डोक्यावर होते आणि वाचनालयाचे दार खरोखरच उघडे होते. खिल्लारे पडद्यासमोर ताठ बसले होते. शेजारी वही उघडी. यादीतल्या उरलेल्या चाळीस पत्त्यांपैकी वीस-बावीस ओळींसमोर त्यांच्या अक्षरात काहीतरी लिहिलेले. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते काय पाहत आहेत हे दिसावे, अशा बेताने पडदा दाराकडे वळवलेला होता. मी नजर चटकन त्यांच्या चेहऱ्यावर नेली. तो पांढरा पडला होता. घाम पुसायला हात वर गेला आणि त्यांना मी दिसलो.

शेजारी दुसरी खुर्ची मांडलेली होती. त्यांनी बोलावले नाही. नुसता त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिले.

मी तांब्या थोडा वर करून दाखवला.

खिल्लाऱ्यांनी मान डोलवली, जसे एखाद्याचे कारण ऐकून घ्यावे तसे. मग त्यांनी तोंड पडद्याकडे वळवले, पेन उचलले आणि ते पुढची ओळ पाहू लागले. त्याच आठवड्यात मुलाने त्यांना उपचारांसाठी नागपूरला नेले. ते परत आले नाहीत. जाताना वही ते शेवंताबाईंकडे देऊन गेले होते; पुढे त्यांनी ती मला दाखवली. चाळीसच्या चाळीस ओळी खिल्लाऱ्यांच्याच अक्षरात भरलेल्या होत्या.